बरबटी धुणारा

मयुरा जपानला गेली आणि त्यानंतरच्या पहिल्याच थंडीत कामिनीनं तिचं कपाट उघडलं, ते जाड शाल शोधायला. शाल काही सापडली नाही. तिच्या जागी पुस्तकांची एक रांग होती. सगळी एका उंचीची आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक लहानशी पिवळी बस काढलेली. कामिनीनं त्यातलं एक उचललं, पलंगावर बसून पहिलं पान उघडलं आणि गोंधळून गेली. गोष्ट तिथंच संपत होती.

संध्याकाळी तिनं मुलीला फोनवर विचारलं.

"मांगा आहे तो, आई. जपानी चित्रकथा," मयुरा हसत म्हणाली. "उजवीकडून डावीकडे वाचायची. तू शेवटचं पान उघडलंस."

"इंग्रजीत असून उलटं काहून?"

"शब्द बदलतात, चित्रं तशीच ठेवतात. वाच तू. तुले आवडेल."

"भुताखेताचं दिसून राहिलं मले."

"भुतं नाहीत वं आई, योकाई. तिकडच्या नदीनाल्यातली, डोंगरातली, जुन्या छत्र्यातली मंडळी. बहुतेक जण गरीबच असतात."

मयुरा सेंदाईजवळच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याच्या कामावर होती. ही पुस्तकं वाचता वाचताच तिला जपानी शिकायचं वेड लागलं होतं. कामिनीनं आजवर त्यातल्या एकालाही हात लावला नव्हता. ती धंतोलीतल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिऑलॉजिस्ट होती. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, त्याचा आलेख काढायचा आणि त्याप्रमाणे कानात यंत्र बसवून द्यायचं, हे तिचं काम. 'ऐकू येतं' आणि 'ऐकू आल्यासारखं वाटतं' यांत किती अंतर असतं, हे तिच्याइतकं कुणी रोज पाहत नसेल.

शिवाय त्या घरात भुताला जागाच नव्हती. तिचे वडील ताराचंद नऊ वर्षांचे असताना, छप्पन साली, बापाचं बोट धरून नागपूरला आले होते. पांढऱ्या कपड्यांतला तो अथांग जमाव त्यांनी पाहिला होता. घरी परतल्यावर त्यांच्या बापानं देव्हारा, ताईत, लिंबू-बिब्ब्याची दोरी आणि अंगातलं उतरवायचा झाडू, सगळं एका टोपल्यात भरलं आणि कन्हानच्या पात्रात नेऊन सोडलं. "तवापासून आपल्या घरी भूत नाई," बाबा सांगायचे, "अन् भुताची भीतीबी नाई." कामिनी हे ऐकतच मोठी झाली. नवरा लवकर गेला, ती लहान मयुराला घेऊन बेझनबागेतल्या माहेरी परतली, तेव्हाही बाबांनी हेच वाक्य ऐकवून तिला उभं केलं होतं.

पण आता बाबाच बोलायचे थांबले होते.

मागच्या हिवाळ्यात आई, रुखमाबाई, गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांनी कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली. सारा जन्म त्यांनी एसटीची बस चालवली होती. काटोल, रामटेक, सावनेर. डिझेल इंजिनाच्या शेजारी बसून बसून बारीक आवाज त्यांचे केव्हाच गेले होते. चिमण्या, पानांची सळसळ, कुकरची शिट्टी यांतलं काही त्यांना ऐकू येत नसे. यंत्राशिवाय माणसांचं बोलणंही भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटे. ते मागच्या आंगणात जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली, उन्हात खुर्ची टाकून बसत आणि कपडे धुवायच्या दगडाकडे पाहत राहत. जेवायला बोलावलं की येत. 'हो' आणि 'नाई' एवढंच बोलत.

त्या रविवारी दुपारी कामिनी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली ती नुसती सोबत म्हणून. वाचता वाचता तिला हसू आवरेना. बाबांनी मान वळवली. तिचे हलणारे खांदे पाहिले.

"काय हाय?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. तिनं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. अरुंद घाटातली बस, चाकाखाली दरी, स्टिअरिंगवर एक मुका म्हातारा ड्रायव्हर, दारात चियो नावाची पोरसवदा कंडक्टर. आणि थांब्यावर उभी असलेली एका पायाची, एका डोळ्याची, जीभ बाहेर काढलेली जुनी छत्री.

बाबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ पाहिलं. मग खिशातून डबी काढली, दोन्ही यंत्रं कानात घातली आणि म्हणाले, "हिचं फुल तिकीट का हाफ?"

तिथून सुरू झालं.

कामिनी दवाखान्यातून आली की चहा होई आणि चहाबरोबर एक प्रकरण. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं आपल्या बोलीत सांगायचं. चियो नागपुरी बोलू लागली. नदीतला काप्पा, ज्याच्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी असतं आणि ते सांडलं की त्याची शक्ती जाते, तो "जरा हळू चालवा ना गा" म्हणून ड्रायव्हरला विनवू लागला. बाबा प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून पाहत. बस कुठल्या वळणावर आहे, गिअर कोणता असेल, याच्यावर त्यांचं मत असे. जिची मान हातभर, दोन हात, वावभर लांब होत जाते ती बाई खिडकीशी बसली, तेव्हा बाबा गंभीरपणे म्हणाले, "खिडकीबाहेर मान काढू नये, लिहिलेलं नाई का तिच्या बसमध्ये?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाठीवरून हात फिरवताना कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशानं आलं, हे तिनं मोजायचं टाळलं.

"भुतं नसतेत," ते दर दोन-तीन गोष्टींनंतर बजावत. "पन गजब गोष्टी हायेत."

कांताबाई शेजारच्या आणि या, दोन्ही घरचा स्वयंपाक करत. त्या कुंपणावरून ऐकत उभ्या राहत. "ताई, काका किती दिसानं हसून राहिले," त्या म्हणाल्या. त्यांनी हळूच विचारलं, "पन असल्या गोष्टी रोज रोज वाचाव्या का?" कामिनीनं हसून सोडून दिलं.

असं चौथ्या का पाचव्या पुस्तकात ते प्रकरण आलं. बस एका पुलाजवळ बंद पडते. उतारू खाली उतरतात. धुकं आहे. पुलाखालून आवाज येतो. कुणीतरी पाण्याच्या काठी बसून कडधान्य धुतंय. चियो म्हणते, हा अझुकी धुणारा. अझुकी म्हणजे तिकडचे लाल, बारके दाणे. कामिनीनं बरबटी म्हणून सांगितलं. चवळीला नागपुरात बरबटीच म्हणतात. तो कुणाला दिसत नाही, आवाज तेवढा येतो. गंमत अशी की चित्रकारानंही त्याला कुठंच काढलेलं नव्हतं. चौकटीत नुसती नदी, वेळू, धुकं. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेलीसारखी पसरत गेलेली आवाजाची अक्षरं.

"कसा येते आवाज?" बाबांनी विचारलं.

तिनं तोंडानं करून दाखवला. बाबांनी मान हलवली. मग ती आत जाऊन मूठभर बरबटी घेऊन आली, स्टीलच्या वाडग्यात घातली आणि बादलीतलं पाणी ओतून दोन्ही हातांनी चोळू लागली. खसखस, पाणी, खसखस. बाबा कान देऊन, कपाळाला आठ्या घालून बसले.

"नाई येऊन राहिला."

ते तिला ठाऊकच होतं. इतका बारीक, घासट आवाज त्यांच्या कानाच्या पलीकडचा होता. तो उचलून देणं यंत्रालाही जमत नसे. तिनं त्यांचा हात धरून वाडग्याला लावला. बोटांना कंप जाणवला तसा त्यांचा चेहरा उजळला.

"आला," ते म्हणाले.

चार दिवसांनी ती दवाखान्यातून परतली तेव्हा बाबा आंगणात डोळे मिटून बसले होते. यंत्रांची डबी मांडीवर होती, बंद. तिनं खांद्याला हात लावला.

"कांताबाई डाळ धुऊन राहिली का गं?"

"कांताबाई सकाळीच गेल्या, बाबा."

"मंग कोन धुऊन राहिलं?"

तिनं ऐकलं. दूरवर कामठी रोडची रहदारी, पलीकडच्या गच्चीत कुणाचा तरी टीव्ही. बाकी काही नाही. नळाला दुपारनंतर पाणी नसे. दगड कोरडा होता.

कानात आवाज होणं या वयात नवीन नव्हतं. रोज अशी माणसं तिच्यापुढे येत. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला समुद्र. मेंदूला ऐकायची सवय असते, आवाज मिळेनासा झाला की तो स्वतःच तयार करतो. तिनं बाबांच्या कानात यंत्रं घालून हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरोबर असंन," ते म्हणाले. "पन तो मधात थांबते. पानी बदलवते. मंग पुन्हा धुते."

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. तपासणीची खोली म्हणजे एक लहानशी पेटीच. जाड दार, भिंतींना स्पंज, मधे काच. आत माणूस, बाहेर यंत्रापाशी ती. बाबांना सगळं पाठ होतं. आवाज आला की बोट वर करायचं, गेला की खाली. तिनं जाड आवाजांपासून सुरुवात केली. आलेख उतरत गेला, मागच्या वर्षी जिथं बुडाला होता तिथंच बुडाला. पुढे तिनं कितीही जोर लावला तरी बोट हललं नाही. कानात काहीही बदललेलं नव्हतं.

तिनं बटणावरून हात काढला. काचेपलीकडे बाबांनी बोट वर केलं.

खाली घेतलं. पुन्हा वर केलं.

ती माइकवर म्हणाली, "बाबा, मी काही वाजवलं नाही."

"ठाऊक हाय," हेडफोनमधल्या आवाजाला ते शांतपणे उत्तरले. "तूच म्हनते ना, आवाज आला की बोट वर."

तिनं यंत्र बंद केलं. मग त्याचं भिंतीवरचं बटणही बंद केलं. काचेपलीकडच्या मंद उजेडात, स्पंजाच्या त्या मुक्या खोलीत, बाबा डोळे मिटून बसले होते. त्यांचं बोट संथपणे वर जात होतं, खाली येत होतं. कुणी ओंजळीनं दाणे उचलावेत, चोळावेत, पाण्यात सोडावेत, तशा लयीत. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं की तिला दार उघडवेना.

घरी आल्यावर तिनं पुस्तकं कपाटात ठेवून दिली.

कामं आहेत, थकले आहे, उद्या वाचू, असं ती सांगत राहिली. बाबांनी एकदाही आग्रह केला नाही. आठवडा उलटता उलटता आवाज बंद झाला. तो बंद झाला हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंच ओळखलं. ताटात अर्धी पोळी तशीच राहू लागली. डबी टेबलावरून हलेनाशी झाली. आंगणातली खुर्ची उन्हातून सावलीत गेली तरी ते तिथंच बसून राहत, आणि बोलणं पुन्हा 'हो' आणि 'नाई'वर आलं.

"आई, आजोबा फोनवर बोलतच नाहीत," मयुरा म्हणाली. कामिनीनं मग तिला सगळं सांगितलं. सहज सांगितल्यासारखं, मधे मधे हसत.

मयुरा हसली नाही. "इथं माझ्याकडे एक आजी आहे. एकदा तिला विचारलं होतं मी त्याच्याबद्दल. तिच्या माहेरच्या ओढ्यावर तो होता म्हणे."

"मंग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ऐकावं. बघायला जाऊ नये."

"त्रास देतो का?"

"तेही विचारलं. तर म्हणे, त्रास कसला, धुतोच आहे बिचारा." पलीकडे कुणीतरी मयुराला हाक मारली. जाता जाता ती म्हणाली, "आई, आजोबा हसत होते ना? मग वाच ना तू."

रविवारी दुपारी कामिनीनं चहा केला, पुस्तक काढलं आणि बाबांच्या शेजारी खुर्ची ओढली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. मग ते उठून टेबलावरची डबी घेऊन आले आणि यंत्रं कानात घातली.

तिनं वाचायला घेतलं. कोल्ह्यांचं लग्न होतं त्या प्रकरणात. सगळी वरात बसमध्ये चढते आणि नवरी कुठली, नवरा कुठला, हे चियोला कळत नाही. बाबा गालात हसू लागले. वऱ्हाडाचं सामान टपावर चढवायला पाहिजे होतं, म्हणाले. ऊन जामाच्या पानांतून पुस्तकावर पडलं होतं. हवेत सोललेल्या संत्र्यांचा वास होता.

पान उलटताना ती थबकली.

जामाच्या बुंध्यामागून, कपडे धुवायच्या दगडाकडून, आवाज येत होता.

तिचे कान चांगले होते. आवाज कुठून येतो, किती येतो, कसा येतो, हे तिला विचार न करता कळे. हा आवाज तिच्या डोक्यातला नव्हता. मान वळवली की तो जागेवर राही. टणक, गुळगुळीत, बारके दाणे, पाण्याखाली एकमेकांवर घासले जात होते. मग क्षणभर शांतता. पाणी ओतल्याचा आवाज. मग पुन्हा.

बाबा तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला, बाबा."

त्यांनी दोन्ही यंत्रं काढून तिच्या हातात दिली. त्यांना ती नको होती. मग दोघं बाप-लेक शेजारी शेजारी बसून ऐकत राहिले. तिच्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच वेळी तिला हसू फुटत होतं. आजवर तिनं बाबांच्या कानांत काय पोहोचत नाही तेच मोजलं होतं. आज पहिल्यांदा दोघांना एकच बारीक आवाज सारखाच ऐकू येत होता. रुखमाबाई दारात बसून तांदूळ धुवायच्या, बाबा म्हणाले, तेव्हा असाच यायचा. तिशीतच ऐकू येईनासा झाला. तिला कधी सांगितलं नाही, वाईट वाटलं असतं.

कामिनी उठू लागली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. धुऊ दे त्याले."

"बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती आपल्या घरात कोठची?" ते म्हणाले. "तू पुढं वाच."

ती मोठ्यानं वाचत गेली. आवाज चालू राहिला. गोष्टीत हसण्यासारखं काही आलं की तो किंचित मंदावे, असं तिला वाटलं. पण हे ती कुणाला सांगणार नव्हती. प्रकरण संपलं, तिनं पुस्तक मिटलं, आणि तिकडे आवाज थांबला.

मग मात्र तिला राहवलं नाही. ती झाडामागे गेली.

दगड ओला होता. त्यावर, खळग्यात, दाण्यांचा एक लहानसा ढीग होता. धुऊन निथळलेले, एकसारखे, गडद लाल दाणे. बरबटीहून बारीक. प्रत्येकाच्या कडेला एक पांढरी रेघ. तिनं ते ओंजळीत घेतले. गार लागले, हिवाळ्यातल्या नदीसारखे गार.

फोटो पाहून मयुराचं उत्तर लगेच आलं. 'अझुकी कुठं मिळाले तुला नागपुरात?'

कांताबाईंना तिनं सांगितलं, मयुरानं कुणाबरोबर तरी पाठवले. कांताबाईंनी दाणे हातावर घोळवले, वास घेतला. "खडा नाई, माती नाई," त्या म्हणाल्या. "कोन निवडलं एवढं? याचं काय करते म्हने तिकडं?"

"शिजवून, साखर घालून वाटतात. गोड."

"म्हंजे पुरनच झालं ना."

आणि खरोखरच त्यांनी गूळ घालून पुरण घातलं. वेलची कुटली, कणीक तेलात मळून मऊ केली आणि दुपारी पातळ पोळ्या लाटल्या. पुरण तांबूस काळं झालं होतं, भाजलेल्या विटेच्या रंगाचं. बाबांनी पहिली पोळी तुपात बुडवून खाल्ली, दुसरी मागितली, तिसरीही खाल्ली. कामिनीच्या मनात आलं, आपण हे खायला नको होतं. पण तोवर तिचाही घास तोंडात विरघळला होता, आणि इतकी गोड, खमंग पोळी तिनं आई गेल्यापासून खाल्ली नव्हती.

"एक त्याच्यासाठी काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, आपल्यात नैवेद्य ठेवत नाहीत. तुम्हीच सांगितलं."

"नैवेद्य कोन म्हनलं वं? दाने त्याचे, मेहनत त्याची. पाहुना हाय तो. पाहुन्याले जेवू घालतेत का नाई?"

तिनं ताटलीत एक पोळी ठेवली, वर तूप सोडलं आणि ताटली मागच्या पायरीवर नेऊन ठेवली. दार उघडं ठेवायचं की लावायचं, हे तिला ठरवता येईना. बाबांनी ते उघडंच ठेवायला लावलं.

ऊन उतरल्यावर तिनं पाहिलं. ताटली तिथंच होती. पोळी नव्हती. मांजर, कावळा, खार, कुणीही नेली असती. पण ताटली घासलेली होती. आरशासारखी लख्ख, पाण्याचे थेंब अंगावर घेऊन, पालथी घातलेली.

कांताबाई ती ताटली उचलून मांडणीत लावताना म्हणाल्या, "ताई, तुमीच अशी भांडी घासाल तर मले कामावरून काढता का आता?"

त्यानंतर आवाज आला नाही. बाबा दोन दिवस दगडाकडे कान लावून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जेवून गेला वाटते." त्यांच्या आवाजात किंचित रुखरुख होती, पण दुःख नव्हतं. आपल्या घरून कुणी उपाशी गेलं नाही, एवढं समाधान होतं. त्यांनी यंत्रं कानात घातली आणि ती तशीच राहिली. काटोलचा त्यांचा जुना कंडक्टर संत्री घेऊन आला, तर त्याला त्यांनी बसवून घेतलं आणि काप्पाची गोष्ट घाटाच्या वळणांसकट सांगितली. तो घरी जाईपर्यंत हसत होता.

कामिनीला हायसं वाटलं. दवाखान्यात ती पुन्हा आलेख काढू लागली. रेघा उतरत, चढत, आणि जिथं संपायच्या तिथं संपत.

मयुरानं मालिकेचा नवा भाग पाठवला तेव्हा थंडी ओसरू लागली होती. जामाला बारकी फळं धरली होती. पुस्तक नवं कोरं, शाईचा वास असलेलं. बाबांनी ते आधी स्वतः हातात घेतलं, बसचा नवा रंग पाहून नाक मुरडलं, मग तिच्याकडे दिलं. दोघं आंगणात बसले. घाटात बर्फ पडलं होतं आणि बस एका अनोळखी गावाच्या वाटेला लागली होती. कामिनी रंगून वाचू लागली.

पान संपलं की हूं येई, चौकट रंगली की हूं येई. तिला बरं वाटत होतं. ऐकणारा असा असला की सांगणाऱ्याचाही गळा मोकळा होतो.

वाचता वाचता तिचं लक्ष सहज शेजारी गेलं.

बाबांची मान छातीवर पडली होती. यंत्रं काढून त्यांनी केव्हाच खिशात टाकली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास संथ, झोपलेल्या माणसाचा.

तिनं पुढची चौकट वाचली.

"हूं."

तिनं पानाची कड घट्ट धरली. डोकं वर केलं नाही. तिनं आवाज कमी केला, पलीकडच्या खुर्चीपर्यंतच पोहोचेल इतका.

"हूं."

आणखी कमी केला. कुजबूज. झाडाच्या पानालाही कळणार नाही इतकी.

"हूं."

मग तिनं ओठ मिटले. जीभ टाळूला लावून ठेवली. कसलाही आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी, उजवीकडून डावीकडे, ती चौकटीमागून चौकट वाचत गेली. बर्फ. दिवा. दारात उभी चियो. पानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या शब्दापाशी तिची नजर थांबली.

"हूं," खांद्यावरून पुस्तकात वाकलेलं कुणीतरी म्हणालं.